पित्ताची पुडी

"...पण पुडीत तर काही चुकलं नव्हतं ना, बुवा?"

पद्माकरने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला.

भैरूबुवा मठाच्या ओट्यावर बसून धोतराच्या टोकाने काळा चष्मा पुसत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून सहा आठवडे साताऱ्याला भाचीकडे राहिले होते. काल संध्याकाळीच परतले.

"काय काय घालतोस?"

"तुम्ही शिकवलंत तेच. ज्येष्ठमध, धने, बडीशेप, आवळकाठी, खडीसाखर. प्रमाण तेच. उलट मी वस्त्रगाळ करतो."

"मग पुडी बरोबर आहे."

पद्माकरने सुटकेचा श्वास सोडला. बुवांनी तो ऐकला.

"माणूस कसा होता?" त्यांनी विचारलं.

पद्माकर चिंचेपलीकडे लांब बसलेल्या गुरुवारच्या रांगेकडे बघू लागला...

आरळगावचा हा मठ कृष्णेच्या काठावर आहे. देव म्हणावा असा देव तिथे नाही. एक समाधी आहे आणि तिच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली तुळस. लोक येतात ते पुडीसाठी. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं. चाळीस वर्षं दर गुरुवारी बुवा पुडी देत आले.

आपल्या लोकांच्या पोटाबद्दल काय बोलावं? सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा, दुपारी ठेचा, रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं व्हायचं, आणि मग छातीवर हात चोळत म्हणायचं, पित्त झालंय. छातीत काहीही झालं तरी ते पित्तच. दुसरं काही असेल, ही शंकासुद्धा कुणी मनात येऊ देत नाही. मीही त्यातलाच. त्या पुड्या मी वर्षानुवर्षं घेतल्या आहेत.

बुवांची पुडी द्यायची एक रीत होती.

पुडी हवी असेल तर आधी तांब्या घ्यायचा. घाटाच्या एकेचाळीस पायऱ्या उतरायच्या, नदीचं पाणी भरायचं आणि वर यायचं. बुवा ओट्याच्या कडेला बसून बघत. वर आलेल्याला घटकाभर समोर उभं करत. बहुतेकांना पुडी मिळे. एखाद्याला मात्र ते म्हणत, "तुझी पुडी इथं नाही. मोठ्या दवाखान्यात जा. आत्ता जा." मग तो रडो, पाया पडो, पुडी मिळायची नाही.

लोकांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता. ज्याच्या तांब्यातलं पाणी सांडतं त्याला कृष्णामाई पुडी देत नाही म्हणे. त्यामुळे लोक तांब्या दोन्ही हातांनी धरून, जपून जपून चढत.

बुवांनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

पद्माकर सहा वर्षांपूर्वी मठात आला. त्याआधी बारा वर्षं तो औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचा. शिकलेला माणूस, त्यात जिभेवर साखर. लोक त्याला हळूहळू महाराज म्हणू लागले आणि त्याने कुणाला अडवलं नाही. त्याने घरगुती उपायांचं एक पत्रक छापून घेतलं. थंड दूध कधी घ्यावं, काळ्या मनुका किती भिजवाव्यात, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात, डाव्या कुशीवर झोपावं. सगळं बरोबर होतं. सर्वांत वर जाड अक्षरांत होतं, 'तिखट पूर्ण बंद'. सर्वांत खाली त्याचं स्वतःचं नाव होतं. बुवांचं नव्हतं.

बुवा साताऱ्याला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने नदीचं पाणी तपासून घेतलं. वरच्या गावांची गटारं नदीतच सुटतात, त्यामुळे अहवाल वाईट आला. त्याने ओट्यावर निळं पिंप आणून बसवलं, त्याला नळ लावला, पाणी गाळून, उकळून भरलं. तांबे माळ्यावर गेले. म्हातारीकोतारी माणसं त्याला दुवा देऊ लागली.

यात त्याचं काय चुकलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. ते पाणी मी तरी प्यालो नसतो.

"माणूस कसा होता?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"हिंदुराव थोरात. एक्कावन्न वर्षांचा. दुधाच्या गाडीवर होता. दिवसभर कॅन चढवायचे, उतरवायचे."

"काय म्हणाला?"

"तीन दिवस छातीत जळतंय म्हणाला. कॅन उचलला की जास्त. बसलं की कमी."

बुवांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"आणखी?"

"डावा खांदा भरून आलाय म्हणाला. मला वाटलं, कॅनमुळे."

"घाम?"

"चैत्राचं ऊन होतं, बुवा. सगळ्यांनाच घाम होता."

"पायऱ्या चढला?"

"...नाही. पिंपातलं पाणी दिलं. पुडी दिली. वर थंड दूध दिलं. त्याने मोठी ढेकर दिली आणि म्हणाला, लई बरं वाटलं म्हाराज. माझ्या पाया पडला."

शेवटचं वाक्य पद्माकरला सांगायचं नव्हतं. ते तोंडातून निसटलं.

"कधी गेला?"

"तिसऱ्या दिवशी. शनिवारी सकाळी, डेअरीवर, कॅन उचलताना. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

समोर घाट होता. पायऱ्या उन्हात पांढऱ्या पडल्या होत्या. खाली पाण्याच्या कडेला हिरवा शेवाळी तवंग.

पद्माकर त्या पायऱ्यांकडे बघत राहिला. सहा वर्षं तो त्या रोज झाडत होता.

"बुवा... पायऱ्या त्यासाठी होत्या?"

बुवांनी मान हलवली.

"चढताना ज्याचं जळणं वाढतं..."

"त्याचं पोट जळत नसतं," बुवा म्हणाले.

"आणि पाणी?"

"हातात काहीतरी द्यावं लागतं. रिकाम्या हाताने कुणी उगाच चढत नाही."

पद्माकरचा चेहरा लाल झाला. सहा वर्षांत तो बुवांवर कधी ओरडला नव्हता. आज ओरडला.

"मग सांगितलं का नाहीत? सहा वर्षं मी इथं राबतोय! एका शब्दाने सांगितलं असतं तर मी पिंप आणलं असतं का? आणि तुमची ही रीत तरी कसली? खरंच हृदयाचं दुखणं असलं तर माणूस या पायऱ्यांवरच मरेल. डॉक्टर असलं काही करणार नाहीत. आधी ईसीजीची पट्टी काढून बघतील!"

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे म्हणजे?"

"एक मेलीय."

...

"वाळव्याची बाई होती," बुवा म्हणाले. "तेव्हा मी सांगत असे. चढताना छाती भरून आली तर दवाखाना, नाही आली तर पुडी. सगळ्यांना सांगत असे. तिच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं. तिला दवाखाना नको होता. ती हसत चढली. दम दाबून, हसत. ओठ काळेनिळे झाले होते, तरी हसत होती. पाण्याचा एक थेंब सांडला नाही."

"मग?"

"मी म्हणालो, पुन्हा चढ."

पद्माकरची नजर घाटाकडे गेली.

"मला खात्री करायची होती. ती पुन्हा हसतच उतरली. विसाव्या पायरीपर्यंत आली." बुवांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. ज्याला ठाऊक नसतं तो लपवत नाही."

"मलाही नाही?"

"तू छापलं असतंस."

हे खरं होतं. त्याने नक्की छापलं असतं, आकृती काढून छापलं असतं. पण खरं असलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे. उलट जास्त येतो.

"मग हिंदुराव कुणामुळे गेला, बुवा? मी पिंप ठेवलं म्हणून, की तुम्ही बोलला नाहीत म्हणून?"

बुवा उत्तर देणार तेवढ्यात पावलं वाजली. रांग मोडून दोन माणसं ओट्यापाशी आली होती. एक पस्तिशीचा गडी, हातात घडी घातलेला कागद. त्याच्यामागे कपाळ मोकळं असलेली बाई, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

पद्माकरने त्या दोघांना ओळखलं. हिंदुरावचा धाकटा भाऊ उत्तम, आणि हिंदुरावची बायको कलावती. तेरावं होऊन आठवडा झाला होता.

"म्हाराज, रांग मोडली, माफी करा," उत्तम म्हणाला. "येकच इचारायचं हाय. पुडी नको."

त्याने कागदाची घडी उलगडली. ते पद्माकरचंच पत्रक होतं.

"ह्ये तुमीच दादाला दिल्यालं. 'तिखट पूर्ण बंद.' सगळ्यात वर लिवलंय. दादानं घरी आल्यावर वाचून दावलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जत्रंचं मटान झालं. वैनींनी रस्सा वाढला. दोन वाट्या. शनवारी दादा गेला."

कलावतीने मान वर केली नाही.

"आमच्या आईचं म्हननं, तिखटानं पित्त भडाकलं आन् हृदयात चढलं. वैनीस्नी म्हाईत असून वाढलं. घरात बसून ठरलंय, वैनीस्नी माहेरी धाडायचं. पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल." उत्तम क्षणभर अडखळला. वाईट माणूस नव्हता तो. भाऊ गेला होता आणि दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं. "मी म्हनलं, आदी मठात इचारू. मठ म्हनंल त्ये खरं. तिखटानंच गेला न्हवं?"

"त्येनी मागितला म्हनून वाढला," कलावती हळूच म्हणाली. "जळजळ थांबली म्हनाले. पुडीनं गुन आला म्हनाले. आता खाल्लं तर काय हुत न्हाई म्हनाले." मग थोड्या वेळाने, "तवापास्नं मी तिखटाला हात लावला न्हाई. चटनीचा डबा उकिरड्यावर वतला. पोरगी अळनी खाती माज्यासंगं."

पद्माकरने तोंड उघडलं.

एक वाक्य पुरलं असतं. ते त्याला ठाऊक होतं. जिभेपर्यंत आलंही होतं.

"जरा... जरा थांबा," तो म्हणाला. "मी बुवांना विचारून सांगतो."

ते दोघे चिंचेखाली जाऊन उभे राहिले. दिरापासून दोन हात लांब ती उभी होती.

पद्माकर बुवांच्या कानाशी वाकला. त्याचा आवाज एकदम समंजस झाला होता. बारा वर्षं डॉक्टरांना गोळ्या पटवून देताना कमावलेला तो आवाज.

"बुवा, मी सांगितलं तर मठ संपला. आज रांगेत एकोणीस माणसं आहेत. पुढच्या गुरुवारी एक येणार नाही. ज्यांना खरंच पित्त आहे त्यांनी कुठं जायचं? आणि तिखट पित्ताला वाईटच ना? कोणताही वैद्य सांगेल. मी खोटं काही बोलणार नाही. मी फक्त..."

"फक्त?"

"गप्प राहीन." तो थोडा थांबला. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलला. "तुम्ही राहिलात तसा."

बुवांनी काळा चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"माळ्यावरचा तांब्या काढ," ते म्हणाले.

"कशाला?"

"काढ."

पद्माकरने तांब्या आणला. बुवा भिंतीला धरून उठले, तांब्या घेतला आणि पायऱ्यांकडे निघाले.

"बुवा, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय! पाणी मी आणतो."

"तू इथं बस. मी बसतो त्या जागी."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा एकेक पायरी उतरत खाली गेला. वाकला. तांब्याने तवंग बाजूला सारला, पाणी भरलं. उभा राहिला. चढू लागला.

पद्माकर ओट्याच्या कडेला बसला होता. या जागेवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. इथून प्रत्येक पायरी दिसत होती, आणि पायरीवरच्या माणसाचा चेहरा नीट समोर येत होता.

पाच. सहा. सात.

दहाव्या पायरीला बुवांची गती कमी झाली. बाराव्या पायरीवर ते थांबले, पुन्हा निघाले. चौदाव्या पायरीला मोकळा हात छातीवर गेला.

पित्ताचा माणूस छाती चोळतो. बुवा चोळत नव्हते. त्यांनी मूठ वळून छातीवर दाबून धरली होती.

हिंदुरावनेही अशीच मूठ धरली होती. दूध पितानासुद्धा सोडली नव्हती. पद्माकरला ते आत्ता आठवलं.

सतराव्या पायरीवर बुवा खाली बसले. तांब्या कलंडला आणि पाणी पायऱ्या भिजवत खाली गेलं.

पद्माकर धावत सुटला.

बुवांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घामाचे थेंब, आणि घाम गार होता. ओठांची कड निळसर.

"बघितलंस?" बुवांनी विचारलं.

"कधीपासून होतंय हे?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"...पुडी घेतली."

"बुवा!"

"रोज. ढेकर येते. बरं वाटतं."

पद्माकरला हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं या माणसाने लोकांना दटावून दवाखान्यात पाठवलं होतं. एकालाही सूट दिली नव्हती. आणि स्वतः दोन वर्षं ज्येष्ठमध चघळत बसला होता.

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"मला तांब्या कोण देणार होतं?" बुवा म्हणाले. एकेक शब्द श्वास घेऊन येत होता. मग त्यांनी हनुवटीने वर खूण केली. "ती बाई अजून उभी आहे."

पद्माकरने वर बघितलं. कलावती घाटाच्या तोंडाशी आली होती.

चोवीस पायऱ्या चढून तो तिच्यासमोर गेला. त्याला धाप लागली होती, आणि बरंच झालं, कारण त्यामुळे त्याचा तो समंजस आवाज निघाला नाही.

"ताई, त्यांना पित्त नव्हतं," तो म्हणाला. "हृदयाचं दुखणं होतं. इथं आले तेव्हाच होतं. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, खांदा दुखतोय तेसुद्धा. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं तर कदाचित वाचले असते. मी दूध पाजलं, ढेकर काढली आणि घरी पाठवलं."

कलावती त्याच्याकडे बघत राहिली. शब्द ऐकू आले होते, पण आत पोचायला वेळ लागत होता.

"म्हंजी..." ती म्हणाली. "माजं तिखट न्हवतं?"

"नाही."

"रस्सा..."

"नाही, ताई. रश्श्याचा काही संबंध नाही."

ती मटकन पायरीवर बसली. रडली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली.

"तिसरी वाटी मागितली हुती त्येनी," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी न्हाई म्हनलं. म्हाराजांनी तिखट बंद केलंय म्हनलं. भांड्यात हुता की रस्सा. सकाळी म्हशीच्या आंबोणात वतला." ती थांबली. "द्याला पायजे हुती."

पद्माकरला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. मला वाटतं, तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शिव्या उत्तमने दिल्या. त्याने पद्माकरचं उपरणं गळ्याशी धरून त्याला चिंचेच्या बुंध्यावर आदळलं. "माज्या भावाला मारलंस! आन् कागदं छापतोस व्हय रं? कागदं?" रांगेतली माणसं उठून उभी राहिली. कुणी मध्ये पडलं नाही. पद्माकरनेही हात वर केले नाहीत.

"भावजी, सोडा त्येस्नी," कलावती म्हणाली.

"वैनी, तुमी मदी..."

"सोडा म्हनते न्हवं!" ती उठून उभी राहिली. तिचा हात खाली, घाटाकडे होता. "आदी बुवांचं त्वांड बगा. त्या दिशी सकाळी गाडीत बसताना ह्येंचं त्वांड असंच झालं हुतं. मी बगितलं हुतं. मला वाटलं, झोप न्हाई झाली. गाडी हाय न्हवं आपली? घ्या बुवास्नी."

उत्तमने खाली बघितलं. मूठ सैल पडली. दीर म्हणून तिला जाब विचारायला घेऊन आलेला तो माणूस, तिच्या एका शब्दावर पायऱ्या उतरू लागला.

मठातली लाकडी खुर्ची आणली. उत्तमने एका बाजूने धरली, पद्माकरने दुसऱ्या. ज्याने आत्ता गळा धरला होता त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत पद्माकर चोवीस पायऱ्या चढला. मध्ये दोघे एकदाही बोलले नाहीत. बुवांची मूठ छातीवरच होती.

दुधाची गाडी रस्त्यावर उभी होती. रिकामे कॅन एका बाजूला सरकवून त्यांनी बुवांना पाठीमागे टेकून बसवलं. कलावती आत चढली आणि बुवांच्या पाठीशी खांदा देऊन बसली. गाडीत आंबूस वास होता. तिच्या नवऱ्याच्या कपड्यांना आयुष्यभर हाच वास येत असणार.

पद्माकरही चढू लागला.

"तू कुठं?" बुवांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर."

"रांग?"

"सगळ्यांना घरी पाठवतो."

"पाठवू नकोस."

"मग काय करू?" पद्माकरचा आवाज चिरकला. "सांगून टाकू? पायऱ्या कशासाठी आहेत ते?"

"सांग."

उत्तमने गाडी सुरू केली. कॅन एकमेकांवर खडखडू लागले. पद्माकरने मागची फळी धरून ठेवली होती.

"पण कळल्यावर ती दम दाबून चढतील, बुवा. त्या वाळव्याच्या बाईसारखी. हसत."

"चढतील."

"मग मला ओळखू कसं यायचं?"

बुवांनी डोळे मिटले. कलावतीने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. पद्माकरला वाटलं, आता उत्तर येत नाही...

मग बुवांनी डोळे उघडले आणि फळीवरची त्याची बोटं हळूच सोडवली.

"तू त्यांच्याबरोबर चढ."